फोटो काढणारा, बघणारा आणि सही करणारा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत रेडिओलॉजिस्ट आहे. जत, आटपाडी, विटा, वडूज, दहिवडी या बाजूच्या छोट्या दवाखान्यांतले फोटो माझ्याकडं वाचायला येतात. आपल्याकडं एक्स-रेला फोटोच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरते. फोटोंबरोबर प्रश्नही येतात. टेक्निशियन विचारतात, सिस्टर विचारतात, नवे एमबीबीएस डॉक्टर विचारतात आणि पेशंटचे नातेवाईक तर विचारतातच. तेच ते प्रश्न पुन्हापुन्हा आले म्हणून इथं एकत्र केले आहेत.

१. फोटो वाचणं म्हणजे नेमकं काय? टेक्निशियन तर तो सगळ्यात आधी बघतोच की!

बघतो, आणि बघायलाच हवा. पण "वाचणं" या एका शब्दात चार वेगळी कामं दडलेली असतात. फोटो नीट आला आहे का, हात हलला आहे का, डावं-उजवं बरोबर लागलं आहे का, हे पहिलं. त्यात नेहमीपेक्षा वेगळं काही दिसतंय का, हे दुसरं. जे दिसतंय त्याचा अर्थ काय, हे तिसरं. आणि त्यावरून या पेशंटचं पुढं काय करायचं, हे चौथं. पहिलं काम पूर्णपणे टेक्निशियनचं आहे, त्यात डॉक्टरनं नाक खुपसू नये. चौथं उपचार करणाऱ्या डॉक्टरचं. सगळा घोळ दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या बांधावर होतो. माझं म्हणणं इतकंच आहे की दुसरं काम वाटून घेता येतं आणि घ्यावं. तिसऱ्याखाली मात्र एका नोंदणीकृत डॉक्टरची सही लागते.

२. "फ्रॅक्चर आहे का हो?" असं विचारलं तर टेक्निशियन तोंड का उघडत नाही?

त्याला कळत नसतं असं नाही. पंधरा वर्षं रोज मनगटं बघणाऱ्या माणसाला तुटलेलं हाड ओळखता येतं. पण त्यानं "काही नाही काका, मुका मार आहे" म्हटलं की काका एसटी पकडून घरी जातात, डॉक्टरांना भेटतच नाहीत. आणि फोटोत न दिसणारं फ्रॅक्चर असतं (प्रश्न ७ पाहा). "डॉक्टर बघून सांगतील, तोवर हात हलवू नका" हे त्याचं उत्तर टाळाटाळ नसतं. त्याच्यावर चिडू नका. त्यानं जे पाहिलं ते डॉक्टरपर्यंत पोचवलं का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि खरा प्रश्न तोच आहे. तो पाचव्यात घेतला आहे.

३. आपल्याकडं टेक्निशियन स्वतःच्या सहीनं रिपोर्ट देऊ शकतो का?

नाही. रोगाचं निदान लेखी देणं हा वैद्यकीय व्यवसायाचा भाग आहे. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या ३४व्या कलमानुसार नोंदणी नसलेल्या माणसानं तो व्यवसाय केला तर १ वर्षापर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. २०२१मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी वेगळा राष्ट्रीय कायदा झाला आणि रेडिओलॉजी-इमेजिंगमधल्या तंत्रज्ञांना त्यात स्वतःचं स्थान मिळालं. त्यामुळं काही जण विचारतात, "मॅडम, आता आम्हाला सही करता येईल ना?" त्या कायद्यानं तुम्हाला ओळख दिली, शिक्षणाचा दर्जा ठरवायची सोय केली. स्वतंत्र रिपोर्टची सही त्यातून आपोआप मिळत नाही.

४. पण इंग्लंडमध्ये टेक्निशियन रिपोर्ट देतात असं ऐकलंय. मग इथं का नाही?

खरं ऐकलंय. ब्रिटनमध्ये रेडिओलॉजिस्ट कमी आणि न वाचलेल्या फोटोंचे ढीग मोठे, अशी स्थिती झाली तेव्हा १९९०च्या दशकाच्या मध्यापासून रेडिओग्राफरना (तिथं एक्स-रे टेक्निशियनला हेच म्हणतात) रिपोर्ट लिहायचं रीतसर शिक्षण द्यायला सुरुवात झाली. तिथं आज हाडांचे, काही ठिकाणी छातीचे फोटो आणि मॅमोग्राफीसुद्धा (स्तनांचे फोटो) असे प्रशिक्षित रेडिओग्राफर वाचतात. डेन्मार्कमध्येही ही पद्धत आहे.

पण "टेक्निशियन रिपोर्ट देतात" एवढं अर्धंच वाक्य इकडं पोचतं. उरलेलं अर्धं असं: पदवीनंतरचा वेगळा अभ्यासक्रम, शेकडो फोटो कुणाच्या तरी नजरेखाली वाचणं, ठरवून दिलेलीच क्षेत्रं (मनगट वाचणारा मेंदूचा सीटी वाचत नाही) आणि वर्षानुवर्षं होणारी तपासणी. शिवाय जो लिहितो त्याचीच जबाबदारी. आपल्याकडं फक्त शेवटचं पान उचलून आणायची घाई असते. वॉर्डबॉयला बटण दाबायला शिकवून त्यालाच टेक्निशियन म्हणायची सवय अजून गेलेली नाही. तिथून थेट रिपोर्टपर्यंत उडी मारायची म्हणजे विहिरीच्या काठावरून डोळे झाकून उडी.

५. लाल ठिपक्याची पद्धत म्हणजे काय? आमच्या तीस खाटांच्या हॉस्पिटलात ती सुरू करता येईल का?

येईल, आणि माझ्या मते याच महिन्यात करावी. या पानावरचं सगळ्यात कामाचं उत्तर हेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ही कल्पनाही ब्रिटनचीच, १९८०च्या दशकातली. फोटो काढताना रेडिओग्राफरला काही गडबड वाटली की तो फिल्मवर लाल गोल स्टिकर चिकटवायचा. कॅज्युअल्टीतला शिकाऊ डॉक्टर तो ठिपका पाहून फोटो दुसऱ्यांदा नीट बघायचा. ठिपका म्हणजे रिपोर्ट नव्हे. "सर, इथं एकदा बघा" एवढाच त्याचा अर्थ.

या पद्धतीत एक मोठी फट होती. ठिपका नसेल तर काय समजायचं? फोटो नॉर्मल आहे? की टेक्निशियननं बघितलाच नाही? की बघितला पण खात्री नव्हती? तिन्ही शक्यता दिसायला सारख्याच. म्हणून २०१३मध्ये तिथल्या रेडिओग्राफरांच्या संस्थेनं नुसत्या ठिपक्याऐवजी एकदोन ओळींचा लेखी शेरा द्यावा असं सुचवलं.

आपल्याकडं सुरू करायचं असेल तर फोटोच्या पाकिटावर किंवा कॉम्प्युटरच्या यादीत तीन पर्यायांचा शिक्का करून घ्या: "संशय आहे", "वेगळं काही दिसलं नाही", "सांगता येत नाही". रिकामं ठेवायची मुभा नाही. संशय असेल तर कुठं ते लिहायचं: उजवं मनगट, अंगठ्याच्या बाजूला. निदान लिहायचं नाही. हा कागद हॉस्पिटलच्या आत फिरतो, पेशंटच्या हातात देऊ नका, नाहीतर तो तोच रिपोर्ट समजून चालायला लागेल.

पहिले तीन महिने त्या खुणेवर कुणीही निर्णय घ्यायचा नाही. फक्त खूण आणि अंतिम रिपोर्ट शेजारी शेजारी मांडायचे. समजा महिन्यात हातापायांचे २०० फोटो झाले आणि रिपोर्टप्रमाणं ४०मध्ये फ्रॅक्चर होतं. टेक्निशियननं त्यातल्या ३४वर खूण केली, म्हणजे १००मागं ८५ पकडले, ६ सुटले. उरलेल्या १६०पैकी १०वर उगाच खूण केली. आता त्या सहा आणि दहांचे फोटो घेऊन शनिवारी दुपारी अर्धा तास बसायचं. चहा हॉस्पिटलनं द्यावा. सुटलेल्या सहांत पाच करंगळीच्या टोकाचे असतील तर फार बिघडत नाही, एक जरी खुब्याचा असेल तर तोच धडा. हा अर्धा तास टाळला तर पद्धत दोन महिन्यांत मरते. आपली खूण बरोबर होती की चूक हे कुणी सांगतच नसेल, तर माणूस तिसऱ्या आठवड्यापासून सगळीकडं "सांगता येत नाही"वर टिक मारायला लागतो.

६. ऑर्थोपेडिक सर स्वतः फोटो बघून प्लास्टर घालतात. मग रेडिओलॉजिस्टचा रिपोर्ट कशाला, उगाच पैसे?

हाडाच्या बाबतीत ऑर्थोपेडिक डॉक्टरांची नजर माझ्याइतकीच, कधी माझ्यापेक्षा चांगली असते. त्यांच्या हाताखाली पेशंट असतो. बोट दाबून कुठं दुखतं ते त्यांना कळतं, मला नाही कळत. त्यामुळं साध्या फ्रॅक्चरला वेगळ्या रिपोर्टचा आग्रह मी धरत नाही.

रिपोर्ट लागतो तो फोटोत जे शोधायला गेलो नाही ते सापडण्यासाठी. खांद्याच्या फोटोच्या कोपऱ्यात फुप्फुसाचं टोक येतं, तिथं गाठ असू शकते. कंबरेच्या फोटोत किडनीचा खडा असू शकतो. हाडाचा डॉक्टर हाड बघतो, आणि त्यात त्याची चूक नाही. एमआरआय, सीटी, छातीचा फोटो आणि पोलीस केस (प्रश्न १६) असेल तर मात्र लेखी रिपोर्ट मागाच.

७. मी ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला असतो, नुकतंच एमबीबीएस झालंय. रात्री रिपोर्ट द्यायला कुणी नाही. मी फोटो बघून निर्णय घेतला तर चालेल का? कशावर जास्त लक्ष ठेवू?

चालेल, तुम्ही नोंदणीकृत डॉक्टर आहात. पहाटे दोनला फोटो बघून निर्णय घेणं हे तुमचं कामच आहे. केसपेपरवर "फोटो मी पाहिला, मला असं दिसलं" असं वेळ घालून लिहा. नुसतं "एक्स-रे पाहिला" लिहू नका. सकाळी रिपोर्ट आला की तो तुमच्या नोंदीशी जुळवायचा.

आता कुठं फसाल ते सांगते. माझ्याकडं सकाळी येणाऱ्या फोटोंत सुटलेल्या गोष्टी बहुतेक ठरावीक जागीच असतात.

एक सापडलं की शोध थांबतो. उसाच्या ट्रॉलीवरून पडलेल्या माणसाची नडगी मोडलेली दिसली की सगळे नडगीभोवती जमतात आणि घोट्याचं दुसरं फ्रॅक्चर तसंच राहतं. पहिलं सापडल्यावर मनात म्हणायचं, "आता दुसरं कुठाय?"

तळव्यावर पडलेला तरुण, अंगठ्याच्या मुळाशी दुखतंय, फोटो साफ. तरी स्कॅफॉईडचं (मनगटातल्या अंगठ्याच्या बाजूच्या छोट्या हाडाचं) फ्रॅक्चर असू शकतं, ते पहिल्या दिवशी दिसेलच असं नाही. आधार देऊन १० ते १४ दिवसांनी पुन्हा फोटो काढा.

न्हाणीत घसरलेली आजी, पाय टेकवत नाही, फोटोत काही नाही. खुब्याचं हाड एकात एक रुतलं असेल तर रेघ दिसत नाही. आजी चालत नाही हाच तुमचा रिपोर्ट समजा आणि सीटी किंवा एमआरआयसाठी मिरजेला किंवा कराडला पाठवा.

मोटारीचा शॉक बसला किंवा फिट आली आणि त्यानंतर हात बाहेरच्या बाजूला वळत नाही. खांदा मागच्या बाजूला निखळलेला असू शकतो. समोरून काढलेल्या फोटोत तो जवळजवळ जागेवरच वाटतो, फक्त दंडाच्या हाडाचं डोकं विजेच्या बल्बसारखं गोल दिसतं. दुसऱ्या दिशेनं फोटो काढल्याशिवाय सोडू नका.

मानेचा बाजूचा फोटो सातवा मणका पूर्ण दिसेपर्यंत अपुराच असतो. टेक्निशियनला सांगा, तो खांदे खाली ओढून पुन्हा काढेल. लहान मुलाचं कोपर हे वेगळंच प्रकरण आहे. तिथं हाडाची सहा केंद्रं वेगवेगळ्या वयात दिसायला लागतात आणि नव्या डॉक्टरला प्रत्येक केंद्र तुकडाच वाटतं. दुसऱ्या कोपराचा फोटो काढून शेजारी लावला की निम्मी शंका मिटते. छातीच्या फोटोत गळपट्टीच्या हाडामागं, हृदयाच्या सावलीमागं आणि श्वासपटलाच्या खाली मुद्दाम बघा. उभं राहून काढलेल्या फोटोत श्वासपटलाखाली काळी चंद्रकोर दिसली, म्हणजे आतडं किंवा जठर फुटलेलं असू शकतं. मग रिपोर्टची वाट बघत बसू नका.

८. सिस्टरनी फोटो बघावा का? उगाच जबाबदारी अंगावर येईल.

एका बाबतीत तर बघितलाच पाहिजे: रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात घालायची नळी. नळी पोटात गेली का हे हवा सोडून पोटावर आवाज ऐकून ठरवायची जुनी सवय भरवशाची नाही. नळी श्वासनलिकेत असली तरी आवाज येतो. फोटोत नळी छातीच्या मधोमध सरळ खाली जाते का, श्वासनलिका जिथं दुभागते ती जागा ओलांडताना एका बाजूला वळत नाही ना, आणि तिचं टोक श्वासपटलाच्या खाली आहे का, हे कुठल्याही आयसीयूच्या सिस्टरला अर्ध्या दिवसात शिकता येतं. लेखी "फीड सुरू करा" डॉक्टरांचंच. पण नळी चुकीच्या जागी दिसत असताना फीड न सोडता डॉक्टरांना फोन करायला सिस्टरला कुणाची परवानगी लागत नाही.

९. टेक्निशियननं सोनोग्राफी केली आणि डॉक्टरांनी नंतर सही केली तर?

मुळीच नाही. इथं एक्स-रेचं गणित चालत नाही.

सोनोग्राफीत चित्र प्रोब (मशीनचा अंगावर फिरवायचा भाग) फिरवतानाच तयार होतं. ज्यानं प्रोब धरला त्यानं न दाखवलेली गोष्ट सही करणाऱ्याला कधीच दिसणार नाही. तरीही ब्रिटनमध्ये डॉक्टर नसलेले सोनोग्राफर तपासणी करतात, रिपोर्टही लिहितात. अमेरिकेत सोनोग्राफर तपासतो आणि रेडिओलॉजिस्ट सही करतो. म्हणजे वाटून करणं अशक्य आहे असं नाही. आपल्याकडं ते बंद आहे त्याचं कारण वेगळं आहे आणि ते आपल्यालाच माहीत आहे. १९९४चा गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा, २००३ची त्यातली सुधारणा, मशीनची नोंदणी, गर्भवतीच्या प्रत्येक तपासणीचा एफ फॉर्म, २ वर्षं जपायच्या नोंदी. महाराष्ट्रानं तर १९८८मध्येच स्वतःचा कायदा केला होता. सोनोग्राफी कुणी करायची याची पात्रता नियमांतच दिलेली आहे. त्यात टेक्निशियन येत नाहीत, बीएएमएस आणि बीएचएमएस डॉक्टरही येत नाहीत.

मार्च २०१७मध्ये आपल्याच मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला १९ स्त्रीभ्रूण सापडले. ते विसरून "नियम जरा ढिले करा" असं म्हणणं मला तरी जमत नाही. पोटदुखीच्या साध्या तपासणीलाही तेच नोंदणीकृत मशीन आणि तोच पात्र डॉक्टर लागतो, यानं गैरसोय होते हे खरं. ती सोसू.

१०. दाताचा आणि डोळ्याचा फोटो कुणी वाचायचा?

दाताचा डेंटिस्टनं. ते त्यांच्या शिक्षणातच आहे, आणि तोंडाच्या रेडिओलॉजीत एमडीएसही होतं. पूर्ण जबड्याच्या फोटोत सायनस किंवा जबड्याच्या हाडात काही विचित्र दिसलं तर विचारा, एवढंच. डोळ्याचं म्हणाल तर मधुमेहींच्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो ऑप्टोमेट्रिस्टनं (डोळ्यांचा नंबर तपासणाऱ्यानं) काढून प्राथमिक वर्गवारी करायची आणि संशयित तेवढे नेत्रतज्ज्ञांकडं पाठवायचे, ही पद्धत अनेक ठिकाणी रुळली आहे. काम वाटून घेण्याचं हे सगळ्यात यशस्वी उदाहरण म्हणायला हरकत नाही.

११. फिजिओथेरपिस्ट एमआरआय बघून "गादी सरकली" म्हणाले. विश्वास ठेवू का?

उपचार ठरवण्यासाठी त्यांनी एमआरआय आणि त्याचा रिपोर्ट जरूर बघावा. निदानाची सही त्यांची नाही. आणि कंबर अजिबात न दुखणाऱ्या कित्येकांच्या एमआरआयमध्येही फुगलेली गादी दिसते, त्यामुळं नुसत्या फोटोवरून घाबरू नका. लघवीवरचा ताबा गेला किंवा पायातली शक्ती गेली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

१२. फोटोचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला तर वाचता का?

रात्री अकराला "मॅडम, हे बघता का?" असा संदेश आला तर बघते. माणूस आहे मी. पण तो रिपोर्ट नसतो. पुढं पाठवायचं की थांबायचं, एवढंच त्यावरून सांगता येतं.

कारण असं की फिल्म खिडकीला धरून मोबाईलनं टिपली की बारीक रेघा जातात. मग व्हॉट्सअॅप चित्र दाबून लहान करतं, उरलेलंही जातं. मूळ डिजिटल फाईलमध्ये मी उजेड कमी-जास्त करून फुप्फुस वेगळं आणि हाड वेगळं बघू शकते. मोबाईलच्या चित्रात जे आलं तेवढंच. दर आठवड्याला पाठवायचं असेल तर मूळ फाईल पाठवायची सोय करून घ्या. ती फार महाग राहिलेली नाही. आणि पेशंटचं नाव झाका. "सांगली-सातारा डॉक्टर्स" छापाच्या दोनशे जणांच्या ग्रुपवर कुणाच्या तरी आईचा सीटी नावासकट फिरतो, हे बघून मला दरवेळी लाज वाटते. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा नसता तरी ते चूकच होतं.

१३. आमच्या हॉस्पिटलात रात्रीचा सीटी पुण्याला किंवा बेंगळुरूला पाठवून वाचून घेतात. ते चालतं?

चालतं. २५ मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणं नोंदणीकृत डॉक्टर देशातल्या कुठल्याही भागातल्या पेशंटला सल्ला देऊ शकतो. रिपोर्टवर नाव आणि नोंदणी क्रमांक आहे का, एवढं बघा. नुसता कंपनीचा लोगो म्हणजे सही नव्हे. आणि रात्रीच्या रिपोर्टवर "प्राथमिक" लिहिलेलं असेल तर सकाळी "अंतिम" कोण देणार, हे आधी विचारून ठेवा. बऱ्याचदा ते कुणीच देत नाही.

१४. एआय फोटो वाचतं म्हणे. मग टेक्निशियन, डॉक्टर हा वादच मिटला की!

मिटला नाही, वाटेकरी एक वाढला.

क्षयरोगात एआय खरोखर कामाला आलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१मध्ये १५ वर्षं आणि त्यापुढच्या वयाच्या लोकांच्या क्षय-चाळणीसाठी, छातीचा फोटो माणसाऐवजी संगणकानं वाचला तरी चालेल अशी शिफारस केली. साखर कारखान्याच्या तळावर ऊसतोड मजुरांचं शिबिर आहे, हातात धरायचं एक्स-रे मशीन आहे आणि रेडिओलॉजिस्ट पन्नास किलोमीटर लांब आहे, अशा ठिकाणी ते वरदानच आहे. पण ती चाळणी आहे. एआयनं "संशयित" म्हटलं की थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी करायची, त्यावर क्षय ठरतो. शिवाय क्षयासाठी बसवलेलं एआय मोडलेली बरगडी बघेलच असं नाही. ज्या वयासाठी आणि ज्या आजारासाठी ते तपासलं गेलं, तेवढंच त्याचं शेत.

स्वीडनमध्ये चाळणीचा मॅमोग्राम साधारणपणे दोन रेडिओलॉजिस्ट वाचतात. तिथल्या ८०,०३३ स्त्रियांच्या २०२३मधल्या अभ्यासात कुठला फोटो एकानं वाचायचा आणि कुठला दोघांनी, हे एआयनं ठरवलं. वाचनाचं काम सुमारे ४४ टक्क्यांनी घटलं आणि कर्करोग सापडण्याचं प्रमाण घसरलं नाही. सही मात्र तिथंही माणसाचीच राहिली. मला ही वाट पटते: एआयनं रांग लावावी, आधी कुठला फोटो बघायचा ते सांगावं.

१५. टेक्निशियनची खूण आणि डॉक्टरचा रिपोर्ट जुळला नाही तर खरं कुणाचं?

रिपोर्ट डॉक्टरचाच धरायचा, पण मतभेद गिळायचा नाही. "मी खूण केली होती, तुम्हाला दिसलं का?" असं विचारायची सोय हवी. त्यावर "तू तुझं काम कर" हे उत्तर नको.

हे मी अनुभवानं सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी जिथं फोटो वाचायचे तिथं रात्री ट्रॅक्टरवरून पडलेल्या एका मुलाच्या खांद्याचा फोटो काढला गेला. खांदा ठीक होता, त्याला घरी सोडलं. सकाळी मी फोटो लावला तर कोपऱ्यात फुप्फुसाची कड सुटलेली, बाहेर हवा साठलेली. फोनाफोनी करून मुलाला परत आणलं, छातीत नळी घातली, तो वाचला. दुपारी टेक्निशियन हळूच म्हणाला, "मॅडम, ती रेघ मला रात्रीच दिसली होती. पण मागं एकदा बोललो तेव्हा बोलणी खाल्ली होती, म्हणून गप्प बसलो." त्याला ज्यांनी बोलणी दिली होती त्यांत मी होते की नाही, हे मी त्याला विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

१६. बांधावरून मारामारी झाली, हात मोडला. पोलीस केसमध्ये टेक्निशियनची खूण किंवा हाडवैद्याचं म्हणणं चालेल का?

नाही चालणार. भारतीय न्याय संहितेच्या ११६व्या कलमात हाड किंवा दात मोडणं वा निखळणं ही "गंभीर दुखापत" धरली आहे (पूर्वी हेच ३२० कलमात होतं). म्हणजे फोटोतल्या एका रेघेवर कलम बदलतं. अशा फोटोचा रिपोर्ट डॉक्टरनंच लिहायचा, तोही लेखी, आणि कोर्टात उभं राहायची तयारी ठेवून. फ्रॅक्चर ताजं की जुनं हेही लिहावं लागतं. जुन्याच्या कडा बोथट आणि भरत आलेल्या असतात. टेक्निशियनचं काम इथं दुसरं आणि तितकंच मोठं: डाव्या-उजव्याची खूण फोटो काढतानाच लावायची, नंतर पेननं नाही, आणि फोटो त्याच माणसाचा आहे ना, याची खात्री करायची. माणूस बदलून फोटो काढल्याच्या तक्रारी मी ऐकल्या आहेत.

१७. इतक्यांनी फोटो बघितला आणि तरी सुटलं तर जबाबदार कोण?

ज्यानं सही केली तो आधी, आणि नोकरीवर ठेवणारं हॉस्पिटलही सुटत नाही. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सुप्रीम कोर्टानं १९९५मध्येच ठरवलं आहे. पण सुटलेलं प्रत्येक फ्रॅक्चर म्हणजे हलगर्जी नव्हे. तसाच दुसरा डॉक्टर त्या वेळी वाजवी काळजी घेऊन काय करता, हे बघितलं जातं. इथं लेखी खूण दुधारी ठरते. टेक्निशियननं "संशय" लिहिला आणि डॉक्टरनं तो बघितलाच नाही, तर ते कागदावर राहतं. काही हॉस्पिटलांना याच भीतीनं लाल ठिपका नको असतो. मला विचाराल तर खूण कागदावर राहते, हीच ती हवी असण्याची बाजू आहे.

१८. २०१७मध्ये सुप्रीम कोर्टानं सहीबद्दल निकाल दिला ना? तो एक्स-रेलाही लागू आहे?

तो डिसेंबर २०१७चा निकाल लॅबबद्दल होता. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर त्या विषयातल्या पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असं त्यात म्हटलं. एक्स-रेचं उत्तर प्रश्न ३ आणि ७मध्ये आहे, सोनोग्राफीचं ९मध्ये.

१९. खूण करायचं जादा काम केलं तर टेक्निशियनला जादा पगार मिळतो का?

बहुतेक ठिकाणी नाही मिळत, आणि मिळायला हवा. एक टेक्निशियन दोन मशीन, ईसीजी आणि रात्रपाळी सांभाळत असेल तर त्याच्याकडून वर खुणाही मागणं म्हणजे मोफतचा रेडिओलॉजिस्ट शोधणं आहे. निदान शनिवारचा अर्धा तास ड्युटीत धरा.

२०. रिपोर्ट पटला नाही. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला फोटो आणि नोंदी मिळतात का?

मिळतात. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२च्या नियमांप्रमाणं मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. लेखी अर्ज करा, पोच घ्या. नुसती छापील फिल्म नको, सीडी किंवा मूळ फाईल मागा. आणि जुने फोटो टाकून देऊ नका. तीन वर्षांपूर्वीच्या छातीच्या फोटोत तोच ठिपका तेवढाच असेल, तर एखादा महागडा सीटी वाचू शकतो. फक्त ते ट्रंकेत घडी घालून ठेवू नका. घडीची रेघ आणि फ्रॅक्चरची रेघ दिसायला जवळजवळ सारखीच असते.